"आई, यात बेरीज करायची की गुणाकार?" पाचवीच्या अवघड शाब्दिक उदाहरणांबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी पाचवीत, स्कॉलरशिपला बसवलीय, पाढे तोंडपाठ, भागाकार पटापट करते, पण शाब्दिक उदाहरण आलं की दोन ओळी वाचून लगेच "आई, यात बेरीज करायची की गुणाकार?" गाईडमधली सगळी उदाहरणं दोनदा करून घेतली तरी पेपरात नवीन उदाहरण आलं की गाडी तिथेच अडते. आता एक्स धरून समीकरण शिकवू का, असं ताईंनी विचारलंय.

ताई, एक्स आत्ता नको. का नको ते पुढे येईलच. मी बरीच वर्षं पाचवीच्या मुलांचा स्कॉलरशिपचा वर्ग घेतोय, आणि "बेरीज की गुणाकार" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये पहिल्या आठवड्यात ऐकतो, त्यामुळे आधी हे सांगतो की मुलीचं गणित कच्चं नाहीये. तिला आकडेमोड येते. तिला गोष्ट दिसत नाहीये. आणि ती गोष्ट दिसू नये याची व्यवस्था आपणच करून ठेवलेली असते, म्हणजे "एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी, प्रत्येकी आलं की भागाकार" असा तक्ता कुठल्यातरी वर्गात किंवा घरी भिंतीवर लावलेला असतो. तिसरीपर्यंत हा तक्ता चालतो, कारण तिसरीची उदाहरणं तशीच बनवलेली असतात. पाचवीत पेपर काढणाऱ्याला हा तक्ता माहीत असतो आणि तो मुद्दाम त्याच्या उलट उदाहरण टाकतो.

हे बघा. "सानिकाकडे ३४ स्टिकर आहेत. ते ओमकारच्या स्टिकरपेक्षा ८ ने जास्त आहेत. तर दोघांकडे मिळून किती स्टिकर?" वर्गात निम्म्याहून जास्त हात ७६ ला वर होतात. "जास्त" दिसलं, ३४ अधिक ८ बेचाळीस झाले, मग "मिळून" दिसलं, अजून ३४ मिळवले, काम तमाम. पण जास्त कोणाकडे आहेत? सानिकाकडे. म्हणजे ओमकारकडे २६ आणि उत्तर ६०. चार पर्यायांत ७६ असतोच बरं का, तो चुकून नसतो आलेला. तसंच "८० रुपये खर्च केल्यावर ४५ उरले, तर आधी किती होते" यात "उरले" असून बेरीज आहे, आणि "८ खोक्यांत प्रत्येकी १२ पेन" यात "प्रत्येकी" असून गुणाकार. तेव्हा तो तक्ता असेल तर आजच काढा.

नुसते आकडे उचलून काहीतरी करून टाकायची सवय आपल्याच मुलांना आहे असं नाही. १९७९ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या गणित शिक्षणाच्या संस्थेने प्राथमिकच्या ९७ मुलांना विचारलं होतं की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दिलं. घरी मुलीला विचारून बघा, अगदी सहज, जेवताना वगैरे. "छत्तीस" असं उत्तर आलं तर हसू नका, रागावू पण नका, फक्त कळेल की आपण कुठे उभे आहोत.

तर पहिली सवय. उदाहरण वाचून झालं की वही बंद आणि पेन खाली, आणि आकडे न सांगता गोष्ट सांगायची. "एक मुलगी आहे, तिच्याकडे स्टिकर आहेत, एक मुलगा आहे त्याच्याकडे तिच्यापेक्षा कमी आहेत, दोघांचे मिळून विचारलेत." एवढंच. यात ती "कमी" हा शब्द स्वतःहून वापरते का ते ऐका, वापरला तर निम्मं उदाहरण सुटलं. नसेल जमत तर उत्तर सांगू नका, फक्त विचारा "जास्त कोणाकडे?" सुरुवातीला मुलं फार कंटाळतात, "आई मला येतंय, सोडवू दे ना" म्हणतात, पण आठ-पंधरा दिवस नेट लावून हे करून घ्या. आणि रोज तीनच उदाहरणं, तीस नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची: पट्ट्या काढणे. सिंगापूरने १९८० च्या दशकात त्यांच्या प्राथमिक शाळांमध्ये ही पद्धत आणली. त्यात समीकरणाऐवजी प्रत्येक रकमेची एक आयताकृती पट्टी काढायची, आणि मोठं-छोटं, पट, फरक सगळं त्या पट्टीच्या लांबीतून दाखवायचं. आपल्याकडची एकमान पद्धत म्हणजे "एकाची किंमत काढा मग पाहिजे तितक्यांची काढा" ही तीच आहे खरं तर, फक्त इथे तो "एक" डोळ्यांना दिसतो.

सोप्यापासून धरू. "दोन भावांकडे मिळून ५०० रुपये आहेत. मोठ्याकडे लहानापेक्षा ६० जास्त. तर प्रत्येकाकडे किती?" मुलं काय करतात, ५०० चे निम्मे २५०, मोठ्याला ६० मिळवून ३१०, लहान २५०, आणि बेरीज ५६० होतेय हे कोणी बघतच नाही. पट्टी काढली की लहान भावाची एक पट्टी, खाली मोठ्याची तेवढीच पट्टी आणि तिला पुढे ६० चं शेपूट. दोन्ही मिळून ५००. शेपूट बोटाने झाका. उरले ४४०, आणि आता दोन्ही पट्ट्या सारख्या, म्हणजे २२० आणि २२०, शेपूट परत सोडलं की २२० आणि २८०. "बोटाने झाका" हे खरंच बोटाने करायला लावा. मुलांना रीत विसरायला होते, हे विसरत नाहीत.

पुढची पायरी, जिथे खरी मजा आहे. "अमेयकडे रोहनच्या तिप्पट गोट्या होत्या. अमेयने रोहनला २४ गोट्या दिल्या तेव्हा दोघांकडे सारख्या झाल्या. तर सुरुवातीला अमेयकडे किती होत्या?"

अमेय : □ □ □
रोहन : □

हे एवढं फळ्यावर काढून मी गप्प बसतो. मागे एका मुलाने लगेच सांगितलं, "सर, फरक दोन डब्यांचा, म्हणजे दोन डबे २४, एक डबा १२, अमेयकडे ३६." म्हटलं बरं, आता खरंच देऊन बघ. ३६ मधून २४ गेले, उरले १२. रोहनकडे १२ आणि २४ मिळून ३६. सारखे झाले का? नाही, उलटंच झालं. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच उठून आला आणि अमेयचा एक डबा पुसून रोहनच्या ओळीत काढला. आता दोघांकडे दोन-दोन. "अरे म्हणजे एकच डबा दिला सर. एक डबा २४." म्हणून अमेयकडे ७२, रोहनकडे २४, देऊन झाल्यावर ४८ आणि ४८. त्या वर्गात पुन्हा कोणाला "जितक्या दिल्या त्याच्या दुपटीने फरक कमी होतो" हे वेगळं सांगावं लागलं नाही. हीच गोष्ट मी नियम म्हणून लिहून दिली असती तर चार दिवसांत त्याचं "दुप्पट करायचं का निम्मं?" झालं असतं.

इथेच एक्सचं उत्तर येतं. ३क्ष − २४ = क्ष + २४ हे मुलगी पाठ करून सोडवेलही, पण पाचवीत चिन्ह इकडून तिकडे नेताना का बदलतं हे तिला कळलेलं नसतं, त्यामुळे तिच्या डोक्यात "बेरीज की गुणाकार"च्या जागी "अधिक की उणे" येतं, आजार तोच. शिवाय या परीक्षेला समीकरण लागतही नाही. पुढच्या इयत्तांत बीजगणित येईल तेव्हा याच पट्टीच्या डब्याला क्ष म्हणायचं इतकंच, मग ते अंगाला लागतं. काही पालकांना हे पटत नाही कारण त्यांना स्वतःला समीकरणाने दहा सेकंदात उत्तर येतं. येणारच, तुम्ही दहावी झालायत.

अपूर्णांकात तर पट्टीशिवाय मी उदाहरण घेतच नाही. "वाण्याने पोत्यातली २/५ साखर सकाळी विकली. उरलेल्या साखरेपैकी १/३ दुपारी विकली. आता १८ किलो उरली. पोत्यात आधी किती होती?" सगळ्यात जास्त येणारी चूक म्हणजे २/५ आणि १/३ ची बेरीज करायची, ११/१५ येते, उरले ४/१५ म्हणजे १८ किलो, आणि मग उत्तर साडेसदुसष्ट. गंमत म्हणजे यातली आकडेमोड एकदम बरोबर असते, छेद समान करणं वगैरे सगळं नीट. फक्त "उरलेल्या साखरेपैकी" हे दोन शब्द वाचलेले नसतात. पट्टी काढा, पाच भाग करा, दोन भाग काट मारा. उरले तीन. आता या तिनांचा तिसरा भाग म्हणजे एकच डबा, तोही काट मारा. उरले दोन डबे, ते १८ किलो, एक डबा ९, पाच डबे ४५ किलो. छेद समान करायचा प्रश्नच आला नाही. आकडे नेहमी इतके सोयीचे नसतात हे खरं, उरलेल्या तीन डब्यांचे २/५ विचारले तर प्रत्येक डबा परत पाचात कापावा लागतो, पण ती सुद्धा कापाकापी मुलं आवडीने करतात.

हे काही परदेशातून आलेलं नवीन खूळ नाही हो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली तीच मुळात शाब्दिक उदाहरणांनी भरलेली आहे, आणि चाळीसगावजवळ पाटणादेवीला जो शिलालेख आहे त्यात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे, म्हणजे खानदेशात ही उदाहरणं मुलांकडून सोडवून घेण्याला आठशे वर्षं झाली. त्यातलं भुंग्यांचं उदाहरण मी दरवर्षी घेतो: भुंग्यांच्या थव्यातले १/५ कदंबावर गेले, १/३ दुसऱ्या एका फुलावर, या दोन गटांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजावर, आणि एक उरला तो केवडा आणि मालतीच्या वासात भुलून मधल्यामध्ये फिरतोय. थव्यात किती? पट्टीचे १५ भाग करा, कारण पाचानेही आणि तिनानेही कापायचीय. एक पंचमांश म्हणजे ३ भाग, एक तृतीयांश म्हणजे ५ भाग, फरक २, त्याची तिप्पट ६. तीन, पाच आणि सहा चौदा. राहिला एक भाग, आणि राहिलाय एकच भुंगा. म्हणून १५. पाचवीची पोरं हे सोडवतात आणि वर "सर, बाराव्या शतकातलं पण सोपंच होतं" असं ऐकवतात.

भास्कराचार्य स्वतः अशा ठिकाणी इष्टकर्म वापरतात, म्हणजे उत्तर माहीत नाही ना, मग सोयीची एखादी संख्या धरून चाला, गोष्ट चालवून बघा, आणि किती चुकतंय त्यावरून खरी संख्या काढा. ही "धरून चाला" युक्ती मुलांना शिकवायलाच हवी, कारण काही उदाहरणं पट्टीत नीट बसत नाहीत. डोकी-पायांचं उदाहरण घ्या. चीनमधल्या सुनझी नावाच्या गणितज्ञाच्या दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात ते रानपक्षी (फेझंट) आणि सशांचं आहे, आपण कोंबड्या आणि शेळ्या घेऊ: डोकी ३५, पाय ९४, कोंबड्या किती, शेळ्या किती? धरा सगळ्या कोंबड्याच आहेत. पाय ७०. पाहिजेत ९४, म्हणजे २४ कमी पडले. एक कोंबडी काढून तिथे शेळी उभी केली की डोकी तितकीच राहतात आणि पाय २ ने वाढतात. २४ पाय वाढवायला १२ वेळा बदलायला लागेल. शेळ्या १२, कोंबड्या २३. ताळा करा, ४८ आणि ४६, झाले ९४.

एकदा ही "एक काढून दुसरं ठेवलं तर किती फरक पडतो" ही कल्पना बसली की नोटांची, तिकिटांची, मार्कांची सगळी उदाहरणं एका माळेची निघतात. १० आणि ५० च्या मिळून २० नोटा, एकूण ५२० रुपये: सगळ्या दहाच्या धरा, २०० झाले, ३२० कमी, एक नोट बदलली की ४० वाढतात, म्हणून पन्नासच्या ८ आणि दहाच्या १२. आता मार्कांचं बघा, यात मुलं हमखास घसरतात. "५० प्रश्न, बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर १ गुण वजा. सगळे प्रश्न सोडवून ७० गुण मिळाले तर किती चुकले?" सगळे बरोबर धरले तर १००, कमी पडले ३०, आणि चुकलं की १ जातो म्हणून चुकले ३०. नाही ना. चुकलं की मिळणारे २ पण गेले आणि वरून १ गेला, एका चुकीला ३ चा फटका. ३० भागिले ३, म्हणून १० चुकले. इथे मी मुलांना फक्त एवढंच म्हणतो की एकच प्रश्न चुकला असता तर किती गुण झाले असते ते आधी काढ. ९७ येतात, आणि पुढचं ती स्वतःच बोलतात.

वाटपाचं उदाहरण पण जवळचंच आहे. प्रत्येकाला ५ चॉकलेटं दिली तर ८ उरतात, ७ द्यायला गेलं तर ६ कमी पडतात. मुलं आठातून सहा वजा करतात, का कोण जाणे. खरंच चॉकलेटं वाटतोय असं धरा: पाच-पाच वाटून झाली, हातात ८ आहेत, आता प्रत्येकाला अजून दोन-दोन द्यायचीत, ती ८ संपली आणि अजून ६ लागली असती. म्हणजे दोन-दोन द्यायला एकूण १४ लागतात, मुलं ७, चॉकलेटं ४३.

वयाच्या उदाहरणांना घाबरायचं काहीच कारण नाही, एकच गोष्ट धरून ठेवायची की दोघांच्या वयातला फरक जन्मभर तोच राहतो. आई ३६, मुलगी ८, किती वर्षांनी आई मुलीच्या तिप्पट वयाची होईल? फरक २८, तो तेव्हाही २८ च असणार. तेव्हा मुलगी एक डबा, आई तीन डबे, फरक दोन डब्यांचा, एक डबा १४. मुलगी ८ ची १४ झाली, म्हणजे ६ वर्षांनी, आणि आई तेव्हा ४२. मुलीला तुमचं आणि तिचं खरं वय घालून असं उदाहरण बनवायला सांगा. उत्तर पूर्ण वर्षांत येत नसेल तर का येत नाही यावर ती जो विचार करते तो दहा उदाहरणांच्या बरोबरीचा.

उलटं चालायची उदाहरणं असतात ना, "आंबेवाल्याने पहिल्या गिऱ्हाइकाला निम्मे आणि वर एक दिला, दुसऱ्याला उरलेल्यातले निम्मे आणि वर एक, तिसऱ्याला तसंच, शेवटी ३ उरले", ती शेवटाकडून सोडवायची. वर दिलेला एक आधी परत घ्या, मग दुप्पट करा. ३ चे ४, ४ चे ८. ८ चे ९, ९ चे १८. १८ चे १९, १९ चे ३८. मुलं आधी दुप्पट करून मग एक मिळवतात, म्हणून क्रम कसा उलटतो ते एकदा खऱ्या खडूच्या तुकड्यांनी करून दाखवा.

झाडं-खांब-तुकडे याबद्दल फार लिहीत नाही. १२० मीटर रस्त्यावर दर ६ मीटरला झाड, दोन्ही टोकांना झाड, तर २० नाही २१. १२ मीटरच्या ओंडक्याचे ३ मीटरचे तुकडे करायला ४ नाही ३ वेळा कापावं लागतं. घड्याळाचे ६ ठोके पडायला १० सेकंद लागले तर १२ ठोक्यांना २० नाही २२, कारण मोजायची ती ठोक्यांमधली अंतरं आहेत. या सगळ्यांवर औषध एकच, मोठा आकडा बाजूला ठेवून तीन झाडांचं चित्र काढायचं.

आता थोडं आपल्या मराठी पेपरांबद्दल, कारण इंग्रजी माध्यमाची गाईडं वापरणारे इथे फसतात. पावणे, सव्वा, साडे, दीड, अडीच हे शब्द घरात बोलण्यात राहिले नाहीत, त्यामुळे "पावणेदोन डझन केळी, ६० रुपये डझन" म्हटलं की मुलगी पावणेदोनला पावणेतीन समजते, कारण दोन ऐकू आलं आणि वर पाऊण लावली. पावणेदोन डझन म्हणजे २१ केळी आणि १०५ रुपये. पावणेतीनशे म्हणजे २७५, सव्वादोन किलो म्हणजे २२५० ग्रॅम, दस्ता म्हणजे २४ कागद, रीम म्हणजे ४८०, ग्रोस म्हणजे १४४, हे सगळं किराणा आणायला जाताना, घड्याळ बघताना बोलून बोलूनच बसतं. "पावणेआठ वाजले" असं घरात म्हणायला लागा, सात पंचेचाळीस नको. आणि वेळेच्या उदाहरणात ११.२० मधून ८.४५ वजा करून २.७५ लिहिणारी मुलं हुशार असतात हो, फक्त हातचा १०० चा घेतात, ६० चा नाही. वजाबाकी करूच देऊ नका त्यांना, ८.४५ पासून ९ ला १५ मिनिटं, ९ पासून ११ ला दोन तास, वर २० मिनिटं, झाले २ तास ३५ मिनिटं.

परीक्षेचं म्हणाल तर, पूर्वी ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला घ्यायला लागले, आणि २०२५ मध्ये ती परत चौथी-सातवीला न्यायचा निर्णय झालाय, तेव्हा यंदा कोणत्या इयत्तेला आहे ते शाळेत विचारून घ्या. पाचवीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ दीड तास. भागून बघितलं तर एका प्रश्नाला ७२ सेकंद. हा आकडा ऐकून पालक घाबरतात आणि जूनपासून स्टॉपवॉच लावून बसवतात, तिथेच मुलाची पट्टी काढायची सवय मरते. दिवाळीपर्यंत घड्याळ अजिबात नको. एका उदाहरणाला पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या, चित्र काढू द्या, चुकू द्या. दिवाळीनंतर जुने पेपर वेळ लावून. तोपर्यंत पट्टी काढायचा वेग आपोआप वाढलेला असतो, बरीच मुलं तर पट्टी कागदावर काढतच नाहीत, हवेत बोटाने दोन रेघा मारतात आणि उत्तर सांगतात.

अजून एक, घरी सराव करताना पर्याय झाकून ठेवा. पर्याय दिसले की मूल सोडवत नाही, अंदाज लावतं. पेपरात मात्र पर्यायांचा पुरेपूर वापर करायला शिकवा, उपाय सुचत नसेल तर एकेक पर्याय गोष्टीत घालून बघायचा. वरच्या आईच्या उदाहरणात पर्याय ४, ६, ७, १० असतील तर ६ घालून ४२ आणि १४ दिसायला पाच सेकंद लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडून यायचं नाही. आणि लांबलचक उदाहरण पहिल्या फेरीत सोडून पुढे जायचं, त्याच्या नंबरावर खूण करून. यात एकच धोका, मधला प्रश्न सोडला आणि उत्तरपत्रिकेवर पुढचा गोल त्याच्या जागी रंगवला की पुढची सगळी रांग सरकते. त्यासाठी दर पाच प्रश्नांनी नंबर जुळवून बघायची सवय सराव पेपरातच लावा.

उत्तर आल्यावर ते गोष्टीत परत घालून बघणं याला मी दोन गुणांचं बक्षीस ठेवतो वर्गात, उत्तर चुकलं तरी. म्हणजे वरच्या गोट्यांच्या उदाहरणात ३६ लिहून, परत घालून, "सर, हे जुळत नाहीये, पण कुठे चुकलं कळत नाही" असं जो म्हणतो त्याला दोन गुण. घरी पण हे करता येईल. मूल अडलं की आपल्याला पटकन पेन हातात घ्यावंसं वाटतं, ते घेऊ नका ताई, पट्टी तिलाच काढू दे. अगदीच अडली तर तीन प्रश्न विचारा: "काय विचारलंय?", "यातलं बदललं काय आणि तसंच राहिलं काय?", "हाच प्रश्न छोटे आकडे घेऊन केला तर?" तिसरा प्रश्न फार उपयोगी पडतो, ३७५ च्या जागी ३ घातले की बऱ्याचदा मुलं हसतात आणि सोडवून मोकळी होतात. तरीही नाही आलं तर ते उदाहरण तसंच सोडून द्या, उद्या परत घ्या, रात्री अकरा वाजता बसून उरकू नका. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने तेच उदाहरण पाच मिनिटांत सुटतं, आणि मग ती तुम्हाला येऊन समजावते, तेव्हा मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घ्या आणि एखाद्या ठिकाणी मुद्दाम "हे कसं काय?" विचारा.